वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांचा खर्च

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे महाग पडतात, ती स्वस्तात कशी मिळतील आणि स्वस्त मिळालेल्या औषधावर विश्वास ठेवावा का, असे त्यांतील प्रश्न आहेत. त्यांपैकी सहा पत्रे निवडली असून काही पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत. सर्व पत्रलेखकांची नावे गुप्त ठेवली आहेत.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही सत्तरीच्या पुढे आहोत. मला रक्तदाब व मधुमेह आहे, पत्नीला रक्तदाब व कोलेस्टेरॉलचा त्रास आहे. पेन्शनचा मोठा भाग गोळ्यांवर जातो. शेजारी सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रातून औषधे आणतात, पण आमचे नेहमीचे मेडिकलवाले म्हणतात की त्या गोळ्यांना ‘पॉवर’ नसते. खरे काय समजावे? — निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपण चिठ्ठीची प्रत सोबत पाठवलीत हे फार बरे केलेत. तिच्यावर पाच औषधांची नावे आहेत आणि पाचही कंपन्यांनी ठेवलेली व्यापारी नावे आहेत. आता घरातली कोणतीही एक पट्टी हातात घेऊन पाहावी. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या नियमानुसार औषधाच्या घटकाचे नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. तीन किंवा अधिक घटकांच्या गोळ्यांना आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणांना मात्र ही सक्ती नाही. त्यामुळे आपल्या रक्तदाबाच्या गोळीच्या पट्टीवर ‘टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ.’ ही अक्षरे ठळकपणे दिसतील आणि कंपनीने दिलेले नाव त्याखालोखाल असेल. एका वहीत प्रत्येक गोळीचा घटक, तिची मात्रा, ती साधी आहे की हळूहळू विरघळणारी, आणि एका गोळीची किंमत, एवढे चार रकाने भरावेत. एका गोळीची किंमत असे मुद्दाम म्हणतो, कारण कोणती पट्टी दहाची असते तर कोणती पंधराची, आणि पट्टीच्या किमतींची तुलना करताना भलेभले फसतात. साधे मेटफॉर्मिन आणि ‘एसआर’, म्हणजे हळूहळू विरघळणारे, असे लिहिलेले मेटफॉर्मिन ही एकाच घटकाची असली तरी शरीरात वेगवेगळ्या वेगाने काम करतात, म्हणून ही दोन अक्षरे वहीत उतरवायला विसरू नये.

आता ‘पॉवर’विषयी. भारतीय बाजारातली बहुसंख्य औषधे पेटंट संपलेलीच असतात. त्यामुळे आपण ज्याला ‘ब्रँडेड’ म्हणतो ती गोळीसुद्धा बहुतेक वेळा जेनेरिकच, म्हणजे पेटंट (एकाच कंपनीचा बनवण्याचा हक्क) संपल्यामुळे कोणत्याही कंपनीला बनवता येणारीच, असते. फरक एवढाच की तिला कंपनीने स्वतःचे नाव दिलेले असते आणि ते नाव डॉक्टरांच्या मनात ठसावे म्हणून केलेला खर्च तिच्या किमतीत मिसळलेला असतो. जनऔषधी योजनेतली औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे प्रमाणपत्र असलेल्या पुरवठादारांकडून घेतली जातात आणि त्यांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांकडे पाठवली जाते. किंमत ठरवण्याचे सूत्रही उघड आहे : त्याच औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून ती अधिक असू शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती पुष्कळदा त्याहून बरीच कमी असते. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या गोळ्या आणि कॅप्सूलसाठी परवाना देताना त्या मूळ औषधाइतक्याच प्रमाणात रक्तात उतरतात, याचा पुरावा द्यावा लागतो. हा नियम २०१७ मध्ये आला.

तरीही भारतात बनणारे प्रत्येक औषध निर्दोष असते, असा दावा मी करणार नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जा नापास ठरलेल्या नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते, आणि त्या यादीत अनोळखी कंपन्यांच्या बरोबरीने नावाजलेल्या कंपन्यांची औषधेही आढळतात. महाराष्ट्रातल्या काही सरकारी रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरवल्याचे प्रकरणही अलीकडेच उघडकीस आले. त्यामुळे दर्जाची काळजी वाजवी आहे. परंतु गोळी महाग म्हणून ती चांगली आणि स्वस्त म्हणून ती निकृष्ट, हा हिशेब टिकत नाही. बदललेली गोळी काम करते की नाही हे पाहण्याचे साधन आपल्याच घरात आहे : रक्तदाबाची गोळी बदलल्यावर दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवावा, आणि मधुमेहाची गोळी बदलल्यावर उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासावी. आकडे पूर्वीसारखेच राहिले तर मेडिकलवाल्यांना देण्यासाठी आपल्याकडे उत्तर असेल.

चिठ्ठीतल्या एका औषधाकडे आपले खास लक्ष वेधतो. आपल्या बिलातली सर्वांत महाग गोळी एम्पाग्लिफ्लोझिन या घटकाची आहे. या औषधाचे भारतातले पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. तोपर्यंत एका गोळीला ६० रुपयांच्या घरात पैसे मोजावे लागत होते. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली आणि १५ रुपयांच्या आतबाहेर, काही कंपन्यांची तर त्याहूनही कमी किमतीत ती मिळू लागली. आपली चिठ्ठी त्याआधीची आहे आणि दर महिन्याला तीच दाखवून आपण औषध घेत आहात, म्हणून जुनेच नाव चालू राहिले आहे. केवळ एवढा एक बदल डॉक्टरांना विचारून करून घेतलात तरी महिन्याच्या खर्चात मोठा फरक पडेल.

डॉक्टरांना कसे विचारावे, याचा संकोच पुष्कळांना वाटतो. ‘तुम्ही महाग औषधे लिहिता’ असे म्हणण्याऐवजी ‘डॉक्टरसाहेब, एवढा खर्च मला कायम झेपणार नाही, चिठ्ठीवर घटकाचे नाव लिहून द्याल का?’ असे विचारावे. डॉक्टरांनी औषधे घटकाच्या नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे, त्यामुळे आपण काही अवाजवी मागत नाही. हे लिहून घेणे का आवश्यक आहे, तेही सांगतो. ‘शेड्यूल एच’ मधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध चिठ्ठीवर व्यापारी नावाने लिहिलेले असेल, तर त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे औषध परस्पर देण्याची मुभा औषधविक्रेत्याला कायद्याने नाही. या नियमामुळे दुकानदाराच्या मनमानीला आळा बसतो हे खरे, पण परवडणाऱ्या पर्यायाचा रस्ताही त्यामुळेच अडतो. म्हणून किल्ली डॉक्टरांच्याच लेखणीत राहते.

जनऔषधी केंद्रांची संख्या देशात १५,००० च्या पुढे गेली आहे आणि त्यांच्या यादीत २,००० हून अधिक औषधे आहेत. अडचण बहुतेक वेळा साठ्याची असते : या महिन्यात मिळालेली गोळी पुढच्या महिन्यात नसते. यासाठी औषध संपायच्या आठ-दहा दिवस आधीच केंद्रात चौकशी करावी किंवा ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप मोबाइलवर घेऊन जवळचे केंद्र व औषधाची किंमत पाहावी. मोबाइलची सवय नसल्यास १८०० १८० ८०८० हा निःशुल्क क्रमांक आहे.

प्रश्न : माझे वडील शेती करतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला. परवा लक्षात आले की ते गोळ्या एक दिवसाआड घेतात, कारण ‘महिन्याची पट्टी दोन महिने पुरते’. त्यांना काय सांगावे? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले, कारण असे करणारे आपले वडील एकटे नाहीत. घरात कुणाला सांगत नाहीत, डॉक्टरांनाही सांगत नाहीत, आणि डॉक्टर मात्र रक्तदाब वाढलेला पाहून आणखी एक गोळी वाढवतात. पैसे वाचवण्याचा हा मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. स्टेंट टाकलेल्या रुग्णाच्या रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी, म्हणजे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, डॉक्टरांना न विचारता कमी करणे म्हणजे स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका पत्करणे. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल यांसारखी गोळी एकाएकी थांबवली तर छातीत दुखणे बळावू शकते. वडिलांवर रागावू नये. घरखर्च वाचावा म्हणूनच ते हे करत आहेत. त्यांना समजावण्यापेक्षा खर्चच कमी करून दाखवला तर ते गोळ्या रोज घेतील.

खर्च कमी करण्याची सुरुवात सरकारी दवाखान्यापासून करावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, आणि केसपेपरचे शुल्कही घेतले जात नाही. रक्तदाब व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथल्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षातून मिळतात. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन, ॲटोर्व्हास्टॅटिन ही काही विशेष औषधे नव्हेत. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत ती सारी आहेत. सगळीच औषधे प्रत्येक वेळी मिळतील असे नाही. पण पाचपैकी तीन तिथून मिळाली तरी उरलेल्या दोनच विकत घ्याव्या लागतील. नाशिकला या विभागाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे आणि तिथे हृदयरोगाचे उपचार होतात, म्हणून एकदा सर्व जुने कागद घेऊन वडिलांना तिथे दाखवून आणणेही शक्य आहे.

दुसरे काम असे, की त्यांच्या सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि ‘यांतले कोणते आता नको?’ असे स्पष्ट विचारावे. वर्षानुवर्षे चाललेल्या चिठ्ठीत कधीतरी आठवड्यासाठी दिलेली ॲसिडिटीची कॅप्सूल, अशक्तपणासाठी लिहिलेली जीवनसत्त्वांची गोळी, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली त्याच घटकाची पण वेगळ्या नावाची गोळी, असे पुष्कळ काही साचलेले असते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची किंमत रक्तदाबाच्या गोळीहून जास्त निघाल्याचे मी अनेक बिलांत पाहिले आहे. मात्र काय वगळायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. स्टेंटच्या काही रुग्णांना ॲसिडिटीची कॅप्सूल पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी मुद्दाम दिलेली असते, तेव्हा तीही घरच्या घरी बंद करू नये.

प्रश्न : जेनेरिक दुकानातून मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. पट्टीवर छापील किंमत ११० रुपये आणि दुकानदाराने घेतले फक्त २५. एवढी सूट कशी काय परवडते? माल बनावट तर नसेल? — गृहिणी, लातूर

उत्तर : केवळ सूट मोठी आहे म्हणून माल बनावट ठरत नाही. जेनेरिक दुकानांत दोन प्रकारचा माल असतो. जनऔषधी केंद्रातल्या औषधावर छापील किंमतच कमी असते. खासगी जेनेरिक दुकानातला बराचसा माल कंपन्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी न फिरवता थेट घाऊक विक्रेत्यांना आणि दुकानदारांना विकतात. दुकानदाराला ही पट्टी फार थोड्या पैशांत पडते, पण तिच्यावर छापील किंमत मात्र ब्रँडच्या आसपासची असते. दोहोंतले अंतर हा दुकानदाराचा नफा. आपल्या दुकानदाराने त्यातला मोठा वाटा आपल्याला दिला. दुसरा एखादा दुकानदार तीच पट्टी ‘दहा टक्के सूट’ म्हणून ९९ रुपयांना देतो आणि ग्राहक समाधानाने घरी जातो. मला हा प्रकार अतिशय आक्षेपार्ह वाटतो, कारण जेनेरिकची सगळी स्वस्ताई दुकानाच्या काउंटरवरच अडकून पडते. म्हणून खासगी जेनेरिक दुकानात ‘किती टक्के सूट?’ हा प्रश्नच विचारू नये. ‘हातात किती रुपयांना पडेल?’ असे विचारावे आणि दोन-तीन दुकानांतल्या उत्तरांची तुलना करावी.

बनावटीची शंका असेल तर पक्के बिल मागावे. त्यावर बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादकाचे नाव असले पाहिजे, आणि बॅच क्रमांक पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. पट्टी कापून घेताना बॅच व मुदत छापलेला भाग आपल्याकडे येईल असे पाहावे. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे सक्तीचे झाले आहे. तो असेल तर मोबाइलने तपासता येतो.

छापील किमतीविषयी आणखी एक बाब या निमित्ताने सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ३० हून अधिक जीवरक्षक औषधांवरचा कर तर पूर्णपणे काढून टाकण्यात आला. जुन्या मालावरची किंमत पुन्हा छापण्याची सक्ती कंपन्यांवर नव्हती, पण सुधारित दरपत्रकाप्रमाणेच विक्री व्हावी ही अट होती. म्हणजे कर धरून ११२ रुपयांना मिळणारी पट्टी १०५ रुपयांना मिळाली पाहिजे. त्या तारखेआधी छापलेली पट्टी हाती आली आणि दुकानदार जुन्याच किमतीवर अडून बसला, तर सुधारित दरपत्रक दाखवण्यास सांगावे. अत्यावश्यक सूचीतल्या औषधांना राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण कमाल किंमत ठरवून देते आणि त्याहून जास्त किमतीला ती विकता येत नाहीत. सूचीबाहेरच्या औषधांची किंमतही कंपनीला बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर या किमती पाहता येतात. तक्रारीसाठी प्राधिकरणाचा क्रमांक १८०० १११ २५५ आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८०० २२२ ३६५ असा आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला फिट्स येतात आणि त्याची गोळी बरीच वर्षे चालू आहे. त्याच घटकाची जेनेरिक गोळी निम्म्या किमतीत मिळते. बदलावी का? — आई, रत्नागिरी

उत्तर : आपणहून मुळीच बदलू नये. काही मोजक्या औषधांत रक्तातल्या प्रमाणाची सुरक्षित मर्यादा फार अरुंद असते. थोडे कमी झाले तर आजार उसळतो आणि थोडे वाढले तर दुष्परिणाम होतात. फिट्सवरचे फेनिटोइन व कार्बामाझेपिन, थायरॉइडचे लिव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस आणि मानसिक आजारांतले लिथियम ही त्यांतली ठळक नावे आहेत. या औषधांत जेनेरिक वाईट असते असे नाही. दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी घेणे वाईट असते. खर्चामुळे बदल करायचाच असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून एकदाच करावा, ते सांगतील तेव्हा रक्तातले औषधाचे प्रमाण तपासावे आणि मग तीच कंपनी कायम ठेवावी. नव्या गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलाला पोहायला जाऊ देऊ नये व सायकलवरून एकटे पाठवू नये. थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलणाऱ्या वाचकांनीही सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला स्तनाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यायला सांगितले आहे. ते आमच्याच मेडिकलमधून घ्या, असा रुग्णालयाचा आग्रह आहे. आमची ऐपत बेताची आहे, घरात केशरी रेशनकार्ड आहे. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिले इंजेक्शन घेण्याआधीच आपण लिहिलेत, ही चांगली गोष्ट आहे, कारण बऱ्याच सवलती उपचार सुरू झाल्यावर मागायला गेले तर हातातून निसटतात.

सर्वप्रथम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. १ जुलै २०२४ पासून ही योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्रितपणे राबवली जाते. तिच्यात राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, त्यामुळे केशरी कार्ड चालते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. त्यांना एकच नेमका प्रश्न विचारावा : जावेच्या केमोथेरपीच्या मंजूर पॅकेजमध्ये ट्रास्टुझुमॅबचा समावेश आहे का, आणि किती वेळांसाठी? तोंडी होकारावर न थांबता पूर्वमंजुरीचा कागद पाहावा. सध्याचे रुग्णालय योजनेत नसेल तर असलेले जवळचे रुग्णालय १५५३८८ या क्रमांकावर विचारता येईल. इंजेक्शन सुरू होण्यास आठवडाभर उशीर होत असल्यास तो चालेल का, हे मात्र आधी कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावे.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर दुसरा मार्गही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. दुर्बल घटकातल्या रुग्णाला रुग्णालय औषधांची आकारणी छापील किमतीने करू शकत नाही, ती खरेदी किमतीनेच करावी लागते, आणि त्यातलाही काही भाग माफ होऊ शकतो. कर्करोगाच्या औषधांत खरेदी किंमत आणि छापील किंमत यांतले अंतर थक्क करणारे असते, म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.

आता औषधाविषयी. ट्रास्टुझुमॅब हे सजीव पेशींपासून तयार होणारे प्रथिन आहे. त्याची हुबेहूब नक्कल साध्या गोळीसारखी करता येत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या औषधाला ‘बायोसिमिलर’ म्हणतात आणि ते रुग्णांवरील चाचण्यांत मूळ औषधाइतके परिणामकारक व सुरक्षित आहे, हे दाखवावे लागते. भारतीय कंपन्यांची अशी इंजेक्शने २०१४ च्या सुमारास आली आणि आता अनेक उपलब्ध आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोणते नाव लिहिले आहे ते पाहावे आणि बायोसिमिलर चालेल का, असे विचारावे. मात्र एकदा सुरू केलेले नाव अधूनमधून बदलू नये.

रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती करता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषध कुठून घ्यावे हे निवडण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि अशी खरेदी बंधनकारक नसल्याचा फलक दर्शनी भागात लावण्याच्या सूचना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रुग्णालयांतल्या औषध दुकानांना दिल्या आहेत. परंतु डॉक्टरांची एक काळजी रास्त आहे : हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहिले पाहिजे. बाहेरून आणताना बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीतून आणावे, बिलावर बॅच क्रमांक असावा, आणि दुकानातून निघाल्यावर ते थेट रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये जमा करावे. एवढी खात्री दिली की बहुतेक ठिकाणी विरोध मावळतो. दर विचारताना दोन-तीन घाऊक विक्रेत्यांकडे आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या ‘अमृत’ या सवलतीच्या औषध दुकानांतही विचारावे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्यात देशातली तीनशेहून अधिक केंद्रे सहभागी आहेत, आणि हे ग्रिड औषधांची खरेदी एकत्रितपणे करून कंपन्यांकडून किंमत कमी करून घेते. आपल्या भागातले कोणते रुग्णालय या ग्रिडमध्ये आहे, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. एवढे करूनही रक्कम कमी पडली तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांच्याकडे अर्ज करता येतो. दोन्हीकडे रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते, तेव्हा ते आताच मागून ठेवावे. जावेच्या हृदयाची इको तपासणी या इंजेक्शनाबरोबर ठरावीक काळाने करावी लागते. पैसे वाचवण्यासाठी तिला कात्री लावू नये.

प्रश्न : ऑनलाइन औषध मागवल्यास २० ते २५ टक्के सूट मिळते. घ्यावे का? — म्हापसा, गोवा

उत्तर : नेहमीच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांसाठी घेण्यास हरकत नाही, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी न मागता ‘शेड्यूल एच’ मधले औषध पाठवणाऱ्या संकेतस्थळाकडून काहीही घेऊ नये, कारण जो या नियमाला जुमानत नाही तो साठवणुकीच्या नियमांना जुमानेल अशी आशा धरता येत नाही. बिलावर औषध पुरवणाऱ्या दुकानाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. इन्सुलिन ऑनलाइन मागवू नये. गोव्याच्या उन्हात दुपारभर डिलिव्हरीच्या पिशवीत राहिलेले इन्सुलिन वरून जसेच्या तसे दिसते, पण त्याचा परिणाम घटलेला असू शकतो. सूट मोजताना घरपोच पोहोचवण्याचे शुल्कही किमतीत धरावे आणि प्रत्यक्ष द्याव्या लागणाऱ्या रकमेची तुलना छापील किमतीशी न करता जनऔषधी केंद्रातल्या त्याच घटकाच्या किमतीशी करावी. सूट मिळावी म्हणून तीन महिन्यांचा साठा एकदम मागवण्याचा मोह होतो. औषध नुकतेच सुरू झाले असेल तर पहिल्यांदा दहा गोळ्याच घ्याव्यात, कारण मात्रा बदलली किंवा गोळी सोसली नाही तर उरलेला साठा वाया जातो आणि कापलेल्या पट्ट्या कोणी परत घेत नाही.